डुकरात सापडलेला जिवाणू नव्या जातीचा आहे का, हे कसे ठरवावे: नवोदितांसाठी मार्गदर्शन

डुकराच्या टॉन्सिलवरून घेतलेला स्वॅब ब्लड आगारच्या, म्हणजे रक्त घातलेल्या माध्यमाच्या, प्लेटवर ओढला आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली, की बहुधा टाचणीच्या डोक्याएवढ्या, राखाडी, किंचित पारदर्शक कॉलन्या दिसतात आणि प्रत्येकीभोवती रक्ताचा लाल रंग हिरवट पडलेला असतो. ग्रॅम स्टेन केल्यावर जांभळे गोल जिवाणू जोडीने किंवा आखूड साखळीत दिसतात, हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर बुडबुडे येत नाहीत, आणि आपण वहीत ‘स्ट्रेप्टोकॉकस सुइस’ असे लिहून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. ते बरोबर नसेल, तर पुढे कोणत्या क्रमाने काय करावे, हे या लेखात सांगितले आहे.

याच जिवाणूची गोष्ट नवोदितांनी आधी लक्षात घ्यावी. स्ट्रेप्टोकॉकस सुइसला हे नाव रीतसर मिळाले १९८७ मध्ये. त्याचे वर्गीकरण पेशीभोवतीच्या आवरणावरून, म्हणजे कॅप्सूलवरून, सेरोटाइपमध्ये केले जाई आणि असे ३५ सेरोटाइप मोजले गेले होते. पुढे जनुकीय तुलना झाली तेव्हा ३२ आणि ३४ हे सेरोटाइप स्ट्रेप्टोकॉकस ओरिसरॅटी या, मुळात उंदराच्या तोंडातून वर्णन झालेल्या जातीचे निघाले (२००५); २०, २२ आणि २६ यांची स्ट्रेप्टोकॉकस पॅरासुइस ही वेगळी जाती झाली (२०१५); आणि ३३ हा रवंथ करणाऱ्या जनावरांशी संबंधित स्ट्रेप्टोकॉकस रुमिनँटियममध्ये गेला (२०१७). म्हणजे वर्षानुवर्षे एकाच नावाच्या डब्यात चार जाती ठेवलेल्या होत्या. आपल्या फ्रीझरमधल्या डब्यातही तसेच असू शकते. मात्र त्याहून कितीतरी अधिक वेळा ज्याला आपण नवे म्हणतो ते जुनेच असते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी आपला दावा पाडता येतो का, हे पाहण्यासाठी आहे असे समजून काम करावे.

परिभाषेबद्दल एक खुलासा. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी सर्रास वापरला जातो, पण आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात. या लेखात पाठ्यपुस्तकांचीच पद्धत पाळली आहे. स्ट्रेप्टोकॉकस ही प्रजाती आणि स्ट्रेप्टोकॉकस सुइस ही जाती.

नमुना घेण्यापूर्वी

स्ट्रेप्टोकॉकस सुइस माणसालाही होतो. माणसातील पहिली नोंद १९६८ मधील डेन्मार्कची आहे. २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात २१५ जणांना लागण होऊन ३८ जण दगावले, आणि त्यांतील बहुतेकांचा मेलेल्या किंवा आजारी डुकरांच्या कापाकापीशी थेट संबंध आला होता. मेंदूच्या आवरणाला सूज आणि त्यातून वाचल्यावर कायमचा बहिरेपणा, हे या रोगाचे ओळखीचे रूप आहे. हाताला साधी चीर पडलेली असेल तर त्या दिवशी कत्तलखान्यात जाऊ नये, आणि प्रयोगशाळेत जैवसुरक्षा पातळी दोनचे नियम पाळावेत. ‘नवीन’ जिवाणूचा स्वभाव आपल्याला ठाऊक नसतो, म्हणून तो निरुपद्रवी आहे असे गृहीत धरता येत नाही.

जिवंत डुकरांचे स्वॅब घ्यायचे असतील तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी. नमुन्याबरोबर तारीख, गाव, डुकराचे वय, जात, खाद्य, दिलेली प्रतिजैविके आणि शरीराचा नेमका भाग या नोंदी त्याच क्षणी कराव्यात. गोव्यातील आगोंदा गोअन जातीच्या डुकराचा नमुना असेल तर ‘गावठी डुक्कर, गोवा’ एवढे लिहून भागत नाही. जिवाणूच्या जातीचे वर्णन छापताना मूळ स्थान आणि यजमान प्राणी सांगावाच लागतो, आणि तीन वर्षांनी तो आठवणीतून लिहिता येत नाही.

शुद्ध स्ट्रेन मिळवणे

स्ट्रेन म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेला शुद्ध वंश. या कामात सर्वाधिक वेळ येथे जातो आणि तो जाऊ द्यावा. एक कॉलनी उचलून नव्या प्लेटवर ओढणे, त्यातून पुन्हा एकच सुटी कॉलनी उचलणे, हे किमान तीन वेळा करावे. तिसऱ्या वेळच्या प्लेटवर सर्व कॉलन्या एकसारख्या दिसल्या तरी भिंगातून कडा पाहाव्यात, कारण डुकराच्या नाकातील आणि टॉन्सिलवरील जिवाणू एकमेकांच्या आधाराने वाढतात. ग्लेसरेला पॅरासुइस हा जिवाणू, जो २०२० पर्यंत हिमोफिलस पॅरासुइस या नावाने ओळखला जाई, साध्या ब्लड आगारवर वाढत नाही. त्याला एनएडी हा पदार्थ बाहेरून लागतो. प्लेटवर स्टॅफिलोकॉकसची एक रेघ ओढली, की त्या रेघेच्या काठाने, तिच्यातून झिरपणाऱ्या एनएडीवर, त्याच्या दवबिंदूंसारख्या बारीक कॉलन्या उगवतात आणि रेघेपासून दूर काहीच दिसत नाही. असा जिवाणू दुसऱ्याच्या कॉलनीला चिकटून आला, तर आपण दोघांना एक समजून पुढे जातो.

आतड्यातील जिवाणूंचे काम निराळे आहे. त्यांतील बहुतेकांना ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून नमुना हवाबंद नळीत, थंड ठेवून, काही तासांच्या आत अॅनेरोबिक चेंबरमध्ये न्यावा लागतो. चेंबरमधील वायू साधारण ८५ टक्के नायट्रोजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ५ टक्के हायड्रोजन असा असतो. शिरलेला थोडाफार ऑक्सिजन पॅलेडियमच्या साहाय्याने हायड्रोजनशी संयोग पावून पाणी होतो. माध्यमात रेझाझुरिन घातलेले असावे. ते रंगहीन असेल तर ठीक. नळी वरून गुलाबी होऊ लागली की ऑक्सिजन आत आला आहे, आणि ती नळी टाकून द्यावी. ‘थोडीच गुलाबी आहे, चालेल’ असे म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

शुद्ध झालेला स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर, निदान पाच कुप्यांत आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवावा. तसेच एकाच कॉलनीवर विसंबू नये. वेगवेगळ्या डुकरांतून, आणि जमल्यास वेगवेगळ्या फार्मवरून, त्याच प्रकारचे आणखी स्ट्रेन मिळाले तर जातीचे वर्णन पक्के होते. एकाच स्ट्रेनवरून लिहिलेली जाती म्हणजे एकाच माणसाला भेटून गावाचे वर्णन करण्यासारखे आहे.

पहिली चाळणी

माल्डी-टॉफ, म्हणजे प्रथिनांच्या वस्तुमानावरून जिवाणू ओळखणारे, यंत्र जवळ असेल तर तेथून सुरुवात करावी. टूथपिकने कॉलनीचा अगदी पातळ थर धातूच्या प्लेटवर पसरून, ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम स्टेनने जांभळा दिसणारा) असल्यास त्यावर फॉर्मिक आम्लाचा थेंब सुकवून, मग मॅट्रिक्सचा एक मायक्रोलिटर थेंब द्यावा. प्रचलित निकषांनुसार २.० किंवा अधिक गुण आले तर जाती विश्वासार्ह, १.७ ते २.० मध्ये फक्त प्रजाती, आणि त्याखाली ओळख नाही. येथे नवोदित हमखास घसरतात. कमी गुणांचा अर्थ ‘नवीन जाती’ असा नसून ‘यंत्राच्या संग्रहात नाही, किंवा थर जाड झाला’ एवढाच असतो. माणसांच्या रुग्णालयांसाठी बनवलेल्या संग्रहांत डुकरांतील जिवाणू तुरळक असतात.

स्ट्रेप्टोकॉकससाठी पीसीआरची (ठरावीक जनुक वाढवून ते आहे का, हे पाहण्याची) चाळणीही उपयोगी पडते. पूर्वी जीडीएच या जनुकावर आधारित चाचणी वापरली जाई, पण ती सुइसच्या जवळच्या इतर जातींनाही होकार देते. रेकएन या जनुकावर आधारलेली चाचणी खऱ्या सुइसपुरती मर्यादित राहते. जीडीएच होकारार्थी आणि रेकएन नकारार्थी आलेला स्ट्रेन बाजूला काढून ठेवावा. पॅरासुइसचे स्ट्रेन नेमके याच फटीत सापडतात.

१६एस जनुक

१६एस आरआरएनएचे, म्हणजे जिवाणूच्या रायबोसोममधील एका घटकाचे, जनुक सुमारे १,५०० बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) असते. २७एफ आणि १४९२आर हे प्राइमर (वाढ सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून ते वाढवावे, दोन्ही बाजूंनी सँगर पद्धतीने वाचावे आणि दोन्ही वाचने जोडून निदान १,४०० बेसचा सलग सीक्वेन्स तयार करावा. पाचशे बेसच्या तुकड्यावर नव्या जातीचा दावा करू नये.

संगणकाने दिलेली अक्षरे वाचण्याआधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी रंगीत शिखर दाखवणारा आलेख, उघडून डोळ्यांनी पाहावा. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरे गचाळ असतात, ती कापावीत. त्यानंतर शिखरे सुटी, सारख्या उंचीची आणि एका जागी एकच अशी असावीत. या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगण्यासारखी आहे. डुकराच्या मोठ्या आतड्यातील एका स्ट्रेनचे साम्य जवळच्या जातीशी ९७ टक्क्यांच्या आसपास आले, आणि मी नावाचा विचारसुद्धा सुरू केला होता. सुमारे सहाशेव्या अक्षरापासून हिरव्या शिखराच्या पोटात एक बुटके लाल शिखर सातत्याने दिसत होते, ते मी ‘पार्श्वभूमीचा गोंधळ’ म्हणून सोडून दिले. पुन्हा शुद्धीकरण केल्यावर त्या कॉलनीतून दोन जिवाणू निघाले, दोघेही जुन्या ओळखीचे, आणि माझा ‘नवा’ सीक्वेन्स त्या दोघांची सरमिसळ होता. दुहेरी शिखरांचे निरुपद्रवी कारणही असते, कारण अनेक जिवाणूंत या जनुकाच्या एकाहून अधिक प्रती असतात आणि त्यांत किरकोळ फरक असतो. पण आधी मिश्रणाचाच संशय घ्यावा.

तुलना करताना ब्लास्ट या सीक्वेन्स शोधणाऱ्या साधनाच्या यादीतील पहिल्या नावावर थांबू नये. तेथे वरच्या ओळींत बऱ्याचदा ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’ किंवा कोणीतरी चुकीचे नाव देऊन ठेवलेला स्ट्रेन असतो. तुलना नेहमी टाइप स्ट्रेनशी, म्हणजे ज्या एका स्ट्रेनला त्या जातीचे नाव कायमचे बांधलेले आहे त्याच्याशी करावी. ईझेडबायोक्लाउडचा १६एस संग्रह यासाठी सोयीचा आहे, आणि नावांची सद्यस्थिती एलपीएसएन या सूचीत पाहावी.

साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर नव्या जातीची शक्यता धरून पुढे जावे, सुमारे ९४.५ टक्क्यांहूनही कमी असेल तर प्रजातीसुद्धा नवी असू शकते. पूर्वी जातीसाठी ९७ टक्क्यांची रेषा सांगितली जाई आणि जुन्या पुस्तकांत ती अजून आढळते. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. साम्य ९९ टक्क्यांहून अधिक असले तरी जाती वेगळ्या असू शकतात. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए आणि स्ट्रेप्टोकॉकस मायटिस हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. म्हणून १६एसने दार उघडते, निकाल लागत नाही.

पूर्ण जीनोम

निकाल जीनोमवर लागतो. १९८७ पासून दोन स्ट्रेनच्या डीएनएचे परस्पर संकरण ७० टक्क्यांहून अधिक असेल तर एक जाती, ही कसोटी मानली जात होती. ती चाचणी किचकट आणि प्रयोगशाळेनुसार बदलणारी होती. आता तिच्या जागी जीनोमची तुलना संगणकावर होते. नवी जाती म्हणायची तर सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, ज्याला सगळे एएनआय म्हणतात, ९५ ते ९६ टक्क्यांखाली असावे आणि डिजिटल डीडीएच, म्हणजे त्याच संकरणाचा संगणकीय अंदाज, ७० टक्क्यांखाली असावा. डीडीएचचे गणन जर्मनीच्या डीएसएमझेड संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य करता येते. अपूर्ण जीनोमसाठी त्यातील दुसरे सूत्र वापरावे, कारण ते जीनोमच्या लांबीवर अवलंबून नाही.

सीक्वेन्सिंग किती खोल हवे, हे साध्या गुणाकाराने कळते. स्ट्रेप्टोकॉकस सुइसचा जीनोम सुमारे २१ लाख बेसचा असतो. वर्गीकरणासाठी निदान ५० पट वाचन अपेक्षित आहे, म्हणजे साडेदहा कोटी बेसची माहिती हवी. जोडलेला जीनोम हाती आला की त्याची लांबी आणि जीसीचे, म्हणजे जी आणि सी या बेसचे, प्रमाण पाहावे. स्ट्रेप्टोकॉकस सुइसमध्ये जीसी ४१ टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ४० लाख बेसचा जीनोम आणि दोन वेगवेगळ्या जीसीचे तुकडे दिसले तर नळीत दोन जिवाणू आहेत. चेकएम हे साधन पूर्णता आणि भेसळ यांचे आकडे देते. त्यानंतरची तपासणी छोटी आहे, पण ती टाळू नये: जीनोममधून १६एस जनुक काढून सँगरने वाचलेल्या १६एसशी जुळवावे. ते जुळले नाही तर कुठेतरी नळ्यांची अदलाबदल झाली आहे, आणि हे परीक्षकाकडून कळण्यापेक्षा स्वतःला कळलेले बरे.

तुलना कोणाशी करायची, याची यादी दरवर्षी लांबत जाते. २०२० मध्ये जर्मनीतील आखेनच्या संशोधकांनी डुकराच्या आतड्यातील ११० जातींचा संग्रह प्रसिद्ध केला आणि त्यात २२ नव्या जाती व १६ नव्या प्रजातींचे वर्णन एकाच लेखात दिले. त्याच वर्षी लॅक्टोबॅसिलस या प्रजातीचे २५ तुकडे झाले, ज्यांतील २३ नावे नवी होती. डुकरांत नेहमी सापडणारा लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी तेव्हापासून लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी झाला आहे. जुन्या नावाने शोध घेणाऱ्याला जवळचा नातेवाईक सापडतच नाही.

तुलनेत जवळची जाती सुटली की काय होते, याचे उदाहरण लॅक्टोबॅसिलस सोब्रियस आहे. डुकराच्या पिल्लांच्या आतड्यातून मिळालेल्या या जिवाणूचे २००६ मध्ये नवी जाती म्हणून वर्णन झाले, आणि २००८ मध्ये दाखवले गेले की ती १९८१ पासून माहीत असलेली लॅक्टोबॅसिलस अमायलोव्होरस हीच जाती आहे. अमायलोव्होरस मुळात गुरांचे शेण आणि मका यांच्या आंबवणातून मिळाला होता. यजमान वेगळा, म्हणून जिवाणू वेगळा, असे मानण्याची ओढ सर्वांनाच असते.

लक्षणांचे वर्णन

वाढीचे तापमान, सामू, मिठाचे प्रमाण, एपीआय (तयार चाचण्यांच्या) पट्टीवरील किण्वनाच्या चाचण्या आणि पेशीतील मेदाम्ले यांचे तक्ते अजूनही मागितले जातात. येथे एकच काळजी महत्त्वाची आहे: जवळच्या जातींचे टाइप स्ट्रेन मागवून, त्याच माध्यमावर, त्याच दिवशी, त्याच हाताने चाचण्या कराव्यात. जुन्या लेखातील ‘अधिक’ आणि ‘उणे’ उतरवून आपल्या निकालांशेजारी मांडलेले तक्ते फसवे असतात. मेदाम्लांचे प्रमाण तर माध्यम आणि वाढीचे तास बदलले तरी बदलते.

नाव

नाव लॅटिनच्या व्याकरणाने चालते आणि आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेच्या नियमांत बसावे लागते. लॅटिनमध्ये ‘सुस’ म्हणजे डुक्कर आणि ‘सुइस’ म्हणजे डुकराचा. आपल्या ‘सूकर’ शब्दाशी त्याचे मूळ नाते आहे, पुण्याजवळच्या सूस गावाशी मात्र नाही. ‘पोर्कस’पासून ‘पोर्सी’ होते, आणि ग्रीक शब्दावरून आलेला ‘हायो’ हा उपसर्ग मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिएमध्ये दिसतो. विशेषण वापरले तर त्याचे लिंग प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलते. स्वतःचे नाव जातीला देऊ नये, असे संहिताच सुचवते.

ठरवलेले नाव आधीच कोणी वापरलेले नाही ना, हे शोधायला एक दुपार द्यावी. डुकरांच्या रक्तमिश्रित हगवणीचा जिवाणू १९७२ पासून ट्रेपोनेमा हायोडिसेंटेरिए होता. १९९१ मध्ये त्याला सर्पुला या नव्या प्रजातीत टाकले, पण सर्पुला हे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे नाव आधीपासून होते. मग १९९२ मध्ये सर्पुलिना केले, आणि १९९७ मध्ये तो ब्राकिस्पायरामध्ये गेला. त्यामुळे त्याच्याविषयीचे जुने साहित्य शोधताना आजही चार नावांनी शोधावे लागते.

टाइप स्ट्रेन जमा करणे आणि प्रसिद्धी

नाव वैध होण्यासाठी टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतील दोन सार्वजनिक संग्रहांत जमा करून त्यांची प्रमाणपत्रे सादर करावी लागतात. भारतात चंदीगडचा एमटीसीसी आणि पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, म्हणजे एनसीएमआर, हे मोठे संग्रह आहेत. परदेशात डीएसएमझेड, जपानचा जेसीएम किंवा कोरियाचा केसीटीसी यांकडे स्ट्रेन पाठवतात. स्ट्रेन देशाबाहेर पाठवणे हे जैवविविधता कायदा, २००२ आणि त्याची २०२३ ची दुरुस्ती यांच्या कक्षेत येते. नामकरण संहितेला टाइप स्ट्रेन इतरांना विनानिर्बंध मिळावा असे हवे असते, आणि या दोन अपेक्षांची सांगड घालण्यात भारतीय संशोधकांचे महिने जातात. म्हणून संग्रहाशी आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार जीनोम हाती आल्याबरोबर सुरू करावा, लेख लिहून झाल्यावर नव्हे. संग्रहाकडूनही शुद्धता आणि ओळख तपासून प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, आणि ऑक्सिजन न सोसणारा स्ट्रेन वाटेत मेला तर तो पुन्हा पाठवावा लागतो.

वर्णन आयजेएसईएम या जिवाणूंच्या वर्गीकरणाच्या नियतकालिकात आले तर नाव तेथेच वैध होते. दुसरीकडे छापले असेल तर त्याची प्रत आणि प्रमाणपत्रे तेथे पाठवून त्यांच्या वैधता यादीत नाव चढवून घ्यावे लागते. ते चढेपर्यंत ते नाव अवतरण चिन्हांतच लिहितात. प्लेटवर वाढतच नसलेल्या जिवाणूंसाठी ‘कँडिडेटस’ हा तात्पुरता दर्जा आहे, आणि २०२२ पासून सीककोड या स्वतंत्र संहितेत जीनोमलाच टाइप मानून नाव नोंदवता येते. तरीही वाढवण्याचा प्रयत्न लवकर सोडू नये. डुकरांच्या आतड्याचे अस्तर जाड करणारा लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस कोणत्याही आगारवर वाढत नाही; तो उंदराच्या आतड्याच्या पेशींमध्ये, कमी ऑक्सिजनवर वाढवला गेला, आणि १९९५ मध्ये त्याला रीतसर नाव मिळाले.